शेवटच्या तासातलं सामान

टेपकाकांचा डावा हात बघितला की त्यांचा धंदा कळतो. मनगटात चिकटपट्टीचं रीळ असतं, बांगडीसारखं अडकवलेलं. लोक घर बदलतात तेव्हा त्यांचा संसार खोक्यांत भरून, ट्रकवर चढवून नव्या घरी पोचवणाऱ्या एका कंपनीत काका मिसरूड फुटल्यापासून कामाला आहेत. आता मिशी पांढरी झाली आणि गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून ओझी उचलायला बाकीचे पुढे होतात आणि काका नुसतं भरतात. त्यांनी बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत खाली गेलं तरी आतला आरसा शाबूत निघतो, असं कंपनीत म्हणतात. एकदा खरंच गडगडलं होतं, त्यामुळे ही नुसती थाप नाही.

कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मुकादमाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. आपण उचलायचं, ठरवायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरात काय कामाचं आणि काय बिनकामाचं, हे सांगायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. कान तुटलेला कप असो की जोडीदार हरवलेला मोजा, कागदात गुंडाळायचा आणि खोक्यात ठेवायचा. काकांनी हा धडा इतका मनावर घेतला की एकदा त्यांनी स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा, आतल्या कांद्याच्या सालींसकट आणि चहाच्या चोथ्यासकट, नीट बांधून पाठवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'स्वयंपाकघर, जपून'. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या गावात ते खोकं उघडलं तेव्हा त्या बाईंच्या नाकाचं काय झालं असेल ते सांगायला नको. कंपनीत अजूनही ही गोष्ट निघाली की लोक पोट धरून हसतात. काका हसत नाहीत. "आणि त्यात बाईंची अंगठी पडलेली असती तर?" एवढंच विचारतात.

घर बदलण्याच्या दिवसातला शेवटचा तास हा एक वेगळाच प्रकार असतो. ट्रक भरलेला असतो, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवलेला असतो आणि रिकाम्या घराच्या मधोमध काही वस्तू उरलेल्या असतात. नव्या घरात त्या नकोत, पण रस्त्यावर ठेवून द्यायचं म्हटलं तर मालकाला कसंतरीच होतं. एक पाय डुगडुगणारं स्टूल. हौसेने आणलेली आणि हौस फिटल्यावर कपडे वाळत घालायला वापरलेली व्यायामाची सायकल. मासे नसलेली काचेची पेटी. घरातली बाई त्या वस्तूंकडे बघते, मग काकांकडे बघते आणि म्हणते, "काका, हे तुम्हाला होईल का?"

"होईल की," काका म्हणतात.

नाही म्हणायचं तर आधी ठरवावं लागतं, आणि ठरवायची त्यांना सवय नाही. यात लोभ अजिबात नव्हता असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. फुकट ते पौष्टिक हे इतरांसारखं काकांनाही पटतं. पण आणलेल्या वस्तूंपैकी एकही त्यांनी कधी वापरली नाही. ते ती घरी आणायचे, कागदात गुंडाळायचे, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचे आणि भिंतीशी उभी करायचे. वापरायची वेळ आली तर पट्ट्या कापाव्या लागल्या असत्या.

काकांचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुळात दोन माणसांना आणि एका मुलीला बेताचं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. इथे तर व्याही शहरभर पसरलेले होते आणि दर आठवड्याला नवा घोडा यायचा. बैठकीच्या खोलीत सायकली तीन होत्या, आणि तिघींची चाकं जमिनीला न टेकणारी. उभे दिवे किती होते ते मोजायला आधी त्यांच्यापर्यंत पोचावं लागलं असतं. पाहुणे येईनासे झाले. आले तरी दारातच उभे राहून बोलायचे, कारण बसायला सांगणं म्हणजे त्यांची थट्टा केल्यासारखं झालं असतं.

काकांची बायको घरी बसून शिवणकाम करायची. नवे कपडे नाही, दुरुस्ती. कुणाची विजार लांब झाली, कुणाचं पोट सुटलं, कुणाची चेन अडकली, की लोक तिच्याकडे यायचे. मशीन खिडकीपाशी होतं, उजेडात. मग खिडकीत ती माशांची पेटी आली. मशीन पलंगाच्या कडेला सरकलं. पलंगाच्या कडेला पुस्तकांचं कपाट आलं, पुस्तकांशिवाय. मशीन मिटून खाली ठेवलं गेलं आणि तिने हाताने टाके घालायचं काम घेतलं. पुढे तेही बंद झालं, कारण दारात आलेल्या माणसाचं माप घ्यायला पुढे-मागे सरकायची सोय राहिली नाही. सुरुवातीला ती मोठ्याने बोलली, मग हळू बोलली, मग बोलायची थांबली. बायको बोलायची थांबली की घरात शांतता नांदू लागली असं पुरुषांना वाटतं. काकांनाही तसंच वाटलं.

ती पडली ती भर दुपारी. वाळलेले कपडे दोन्ही हातांत, त्यामुळे पायाखालचं दिसलं नाही. सायकलच्या पायट्यात चप्पल अडकली आणि ती कुशीवर पडली. काका कामावर होते. शेजारच्यांनी दार उघडलं खरं, पण तिला उचलून बाहेर आणायला आधी चार वस्तू बाहेर आणाव्या लागल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, ठीक झाली, आणि दवाखान्यातून तिला लेकीने आपल्या घरी नेलं. काकांनी नेऊ दिलं. दुसरं करणार काय, रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर त्यांच्या दारातून आत गेलंच नसतं.

लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. बापाच्या घरात लहानाची मोठी झाल्यामुळे तिने स्वतःच्या घरात वस्तू ठेवायच्याच नाहीत असा पण केला आहे. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू बाहेर, असा तिचा कायदा. मोबाइलवर घर रिकामं करून दाखवणाऱ्या बायका असतात, त्यांचं ती भक्तिभावाने ऐकते. जावई बिचारा आपल्या जुन्या क्रिकेटच्या बॅटीला रोज हात लावून येतो, असं काकांनी ऐकलं होतं.

रविवारी काका तिकडे गेले तेव्हा बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती. खोलीत एक पलंग, ती खुर्ची आणि पुढ्यात वॉकर. बाकी काही नाही. काकांना ती खोली रिकामी करून ठेवलेल्या घरासारखी वाटली. आता ट्रक येईल, असं काहीसं. बायको मात्र निवांत दिसत होती. तिच्या चेहऱ्यावरचं ते निवांतपण बघून काकांना पहिल्यांदा भीती वाटली.

"दुखतं का?"

"कमी आहे."

"मग कधी येतेस घरी?"

"बघू," ती म्हणाली.

त्या कुटुंबात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. लेक लहानपणी खरीखुरी, चालवायची सायकल मागायची तेव्हा काका 'बघू' म्हणायचे. ती सायकल कधी आली नाही.

निघताना लेक लिफ्टपर्यंत सोडायला आली. "बाबा, तुम्हाला राग येईल, पण स्पष्ट सांगते. ती दवाखान्यातली, आईला व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन आपलं घर बघणार आहे. वॉकर घेऊन आईला हिंडता येईल असं ती म्हणाली, तरच मी आईला पाठवेन. पुन्हा पडली तर ती उठायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"करतो की सगळं."

"आणि ते सगळं केलंत तरी आईला यायचंय का, ते मला माहीत नाही. मी विचारलं होतं. मलाही 'बघू'च म्हणाली."

काकांनी कंपनीतून सुट्टी घेतली आणि लंबूला हाक मारली. लंबू हा त्यांच्या टोळीतला ओझी उचलणारा, वयाने त्यांच्याहून थोडा लहान, दारातून जाताना कायम वाकणारा. दोघं सकाळपासून कामाला लागले. आणि काकांनी काय केलं म्हणाल, तर त्यांना जे येत होतं ते केलं. त्यांनी सगळं भरलं. दिवे, स्टुलं, पेट्या, कपाटांचे सुटे भाग, एकूण एक वस्तू खोक्यांत गेली, आणि खोकी एकावर एक चढून छताला टेकली. कोपऱ्यात कोपरा, कडेला कड. दोन्ही बाजूंना अशा भिंती उभ्या राहिल्या की गवंड्याने येऊन बघावं. मधून दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सरळ वाट. काकांनी दवाखान्यात जाऊन वॉकरची रुंदी मापून आणली होती. वाट तेवढी, वर हाताला घासायला नको म्हणून थोडी जास्त.

"काका, कमाल केलीत," लंबू म्हणाला. काकांनाही तसंच वाटत होतं.

व्यायाम शिकवणारी मुलगी आली. दवाखान्याचा वॉकर तिने बरोबर आणला होता. तिने आधी त्या भिंतींकडे मान वर करून बघितलं आणि पेशंटसारखी वॉकर धरून चालायला लागली. एक पाऊल वॉकरचं, एक तिचं. पलंगापर्यंत गेली. न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही. काकांनी लंबूकडे बघितलं. मग ती मुलगी थांबली आणि वॉकर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून बघू लागली. दोन्हीकडे तो खोक्यांना टेकला.

"काका," ती पाठमोरीच म्हणाली, "वळायचं कुठे?"

काकांनी वाटेकडे बघितलं. प्रश्न साधा होता, पण त्यांना तो सुचला नव्हता. जन्मभर त्यांनी फ्रिज, कपाटं आणि पलंग अरुंद वाटांमधून काढले होते. मोजायचं ते रुंदीचं. फ्रिज एकदा दाराबाहेर पडला की पडला, त्याला अर्ध्या वाटेत काही आठवत नाही आणि तो मागे फिरत नाही. माणूस फिरतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

मुलगी वॉकर उचलून उलट्या पावलांनी बाहेर आली. तिला हसू येत असावं, पण तिने ते आवरलं. "यात आहे काय एवढं?"

काका सांगू लागले. हे डावीकडचं, बदली होऊन गेल्या त्या डॉक्टरीणबाईंचं. वरचं ते जुळ्या मुलांच्या आईचं. पलीकडचं सगळं त्या वकिलांचं, ज्यांचं बायकोशी पटलं नाही म्हणून दोन ट्रक दोन दिशांना गेले होते. कुठलं कुणाचं हे त्यांना न बघता सांगता येत होतं.

"आणि काकूंचं कुठलं?" मुलीने विचारलं.

"असेल की आत," काका म्हणाले.

तिने मान हलवली आणि सांगितलं, की असं असेल तर तिला हो म्हणता येणार नाही. पुन्हा बोलवा, येईन. ती गेल्यावर लंबूने, खोकी अजून थोडी आत दाबता येतील का, असं विचारलं. 

पुढच्या रविवारी ते लेकीकडे गेले ते बायकोला विचारायचं ठरवूनच. "तुझं काय काय आहे ते सांग. तेवढं बाजूला काढतो, मग बाकीचं लावायला सोपं जाईल."

बायको बोटांवर मोजू लागली. "मशीन," ती म्हणाली. "मोठी कात्री. दोऱ्यांचा डबा. माझे कपडे, खालच्या कप्प्यातले. आईने दिली ती शाल. ती निळी बरणी, फुटली नसेल तर."

"अजून?"

"झालं."

ट्रक सुटायच्या आधी काका प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा विचारतात, तसंच त्यांनी सवयीने विचारलं, "नीट आठव. काही राहिलं का?"

"राहायला जागा कुठे होती?" बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. वाळत घातलेला टॉवेल काढायची आठवण करावी, तसं ती बोलली.

काकांचं डोकं धंद्याने तयार झालेलं. समोर कुणी वस्तूंची नावं घेतली की त्यांच्या मनात खोकं भरायला लागतं. मशीन सोडलं तर बाकीचं सगळं एका खोक्यात बसत होतं. मोठ्याही नव्हे, मधल्या. वसतिगृहातून निघालेल्या पोरांचंसुद्धा त्यांनी एवढं कमी सामान कधी भरलं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली, मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, आणि तिच्या वाट्याला एक मधलं खोकं. काकांना लाज वाटली. इतकी की त्यांचे कान तापले आणि कुठे बघावं ते कळेना.

"लोक प्रेमाने देतात गं," ते म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

"प्रेमाने कुठलं. त्यांना टाकवत नाही, म्हणून तुम्हाला देतात. तुम्ही कोपऱ्यावर जाऊन टाकून दिलं असतं तरी त्यांना चाललं असतं. उलट बरं वाटलं असतं, आपल्या हाताने टाकावं लागलं नाही म्हणून." ती थोडी थांबली. "मला मात्र सगळ्यांच्या वस्तू सांभाळाव्या लागल्या."

लेक चहा घेऊन दारात उभी होती.  

परतीच्या बसमध्ये काकांना एका मुलाने उठून जागा दिली. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते एका गोष्टीचा विचार करत होते. आपण ठरवायचं नाही, गिऱ्हाइकाने ठरवायचं, हे बरोबरच होतं. पण आपल्या घरात गिऱ्हाईक कोण? आणि गिऱ्हाइकाने आज आपलं सामान मोजून सांगितलं होतं. मग उरलेलं सगळं काय होतं? काकांच्या धंद्यात त्याला एकच नाव आहे: चुकीच्या पत्त्यावर उतरलेला माल. तो कधी कधी उतरतो. ड्रायव्हर चुकतो, खोकी अदलाबदल होतात. अशा मालाचं काय करायचं ते काकांना चांगलं माहीत होतं. त्यावर बसून राहायचं नाही. ट्रक बोलवायचा आणि भरायचं.

काकांनी घरी पोचताच लंबूला पुन्हा हाक मारली, आणि त्यांच्या अंगात आलेलं बळ बघून तो चकित झाला. कंपनीचा एक ट्रक त्या आठवड्यात एक दिवस रिकामा होता, साहेबांना सांगून तो मिळाला. जुन्या सामानाचं दुकान चालवणारा एक जण काकांच्या ओळखीचा होता. एवढी वर्षं तो काकांना बघून मनातल्या मनात हळहळत असे, की हा माणूस माझ्याकडे न येता घरी कुठे घेऊन जातो. आज ट्रक दारात बघून त्याला ब्रह्मानंद झाला.

"चालतं ना सगळं?" त्याने एक पंखा हातात घेऊन विचारलं.

"कधी चालवला नाही," काका म्हणाले.

घरापासून दुकानापर्यंत दिवसभर खेपा झाल्या. काकांचा हात एकदाच अडखळला. एका खोक्याची पट्टी सुटली होती आणि आतून निळ्या काचेचा दिवा दिसत होता. तो त्यांना एका म्हाताऱ्या बाईंनी दिला होता. मुलाकडे कायमच्या निघालेल्या बाई, देताना डोळे पुसत होत्या. काका दिवा हातात घेऊन उभे राहिले. "काका, उघडून बघायचं नाही," लंबूने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "उघडलंत की संपलं. परत सगळं आत येईल." मग लंबूने स्वतःच तो दिवा उजेडात धरून फिरवून बघितला. "छान आहे पण. मी नेऊ का?"

"बायकोला विचार."

लंबूने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण लंबूने फोन खिशात टाकला आणि दिवा निमूटपणे ट्रकमध्ये नेऊन ठेवला. "म्हणाली, दिवा आणलास तर तूही दिव्याबरोबर तिकडेच राहा."

दुपार कलली तशी जमीन दिसू लागली. भिंतींवर वस्तूंचे आकार उमटले होते, जिथे कपाट होतं तिथे रंग अजून नवा. सगळ्यात खाली, पुठ्ठ्यांच्या थराखाली, शिवणाचं मशीन सापडलं. काकांनीच ते कधीतरी इतकं नीट बांधून ठेवलं होतं की कुणाच्या हाती लागू नये. सुटं करायला त्यांना घाम फुटला. पट्टा कुजला होता, चाकाला गंज चढला होता. काकांनी चिंधीने ते पुसलं, तेल घातलं, नवा पट्टा आणून बसवला आणि मशीन खिडकीपाशी नेऊन ठेवलं. मग बायकोचं खोकं भरलं. निळी बरणी फुटलेली नव्हती.

"आणि तुमचं, काका?" लंबूने विचारलं.

काकांनी आपलं शोधायला घेतलं. सदरे निघाले, दाढीचं सामान निघालं, बटण तुटलेला रेडिओ निघाला आणि लेकीने शाळेत असताना कागदाचं करून दिलेलं एक पाकीट. त्यांचंही खोकं भरलं नाही. आत कागदाचे बोळे घालून जागा भरावी लागली, नाहीतर सगळं खुळखुळलं असतं. दोघांनी एवढी वर्षं लोकांच्या घरात राहिल्यासारखी काढली होती आणि भाडं मात्र तिने एकटीने भरलं होतं, असं काहीतरी काकांच्या मनात आलं. 

व्यायाम शिकवणारी मुलगी पुन्हा आली. या वेळी तिने खोलीच्या मधोमध वॉकर घेऊन एक अख्खी गिरकी घेतली आणि हो म्हणाली.

पण तिचं हो हे अर्धंच हो होतं, हे काकांना माहीत होतं. दुसरं अर्धं अजून लेकीच्या खिडकीशी बसलेलं होतं. सुट्टी संपली, ते कामावर गेले. पहिल्याच घरी, शेवटच्या तासाला, तिथली बाई एका विणलेल्या पाळण्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हे तुम्हाला होईल का?"

काकांची जीभ सवयीने 'हो'पर्यंत गेली. "नको बाई," ते म्हणाले. "घरी विचारावं लागेल."

बाईला वाईट वाटलेलं दिसलं. तिने स्वतःच पाळणा उचलून फाटकाबाहेर ठेवला, एकदा वळून बघितलं आणि गाडीत बसताना ड्रायव्हरशी नव्या घराचा रस्ता कुठून जवळ पडेल यावर वाद घालू लागली. पाळण्याचं ती तेवढ्यात विसरली होती.

रविवारी लेकीची गाडी काकांच्या दारात थांबली. बायकोने 'जाऊन बघून येऊ' एवढंच कबूल केलं होतं. तिची बॅग भरलेली होती, पण ती गाडीतच राहिली. लेक म्हणाली, आधी बघू, मग काढू. गाडीची डिकी अर्धवट उघडी, दोरीने बांधलेली. वस्तू न ठेवणाऱ्या लेकीने आईसाठी एक खुर्ची, एक घडीचं टेबल, तीन उशा आणि एक मोठा पंखा आणला होता.

काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. हातात काही नव्हतं आणि हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. बायको वॉकर घेऊन उंबऱ्यातून आत आली. घराकडे तिने काही क्षण नुसतं बघितलं. मग चालायला लागली. पलंगापर्यंत, न्हाणीघरापर्यंत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. प्रत्येक ठिकाणी थांबून वळली. मग कारण नसताना पुन्हा एकदा खोलीच्या मधोमध आली आणि तिथेच सावकाश फिरली, पूर्ण.

"ते सगळं कुठे गेलं?"

"पोचवलं," काका म्हणाले.

ती खिडकीपाशी गेली. मशीनच्या चाकावर तिने हात ठेवला आणि ते फिरवलं. सुई वर-खाली झाली. शेजारी दोन खोकी होती. तिला खाली वाकता येत नव्हतं म्हणून तिने वॉकरच्या पायाने एकाला हलकेच ढोसलं.

"हे कुणाचं?"

"ते माझं. हे तुझं."

"एवढंच तुमचं?"

"एवढंच निघालं."

बायको त्या दोन खोक्यांकडे बघत राहिली. बाहेर लेकीने डिकीची दोरी सोडली होती आणि खुर्ची बाहेर ओढत ती ओरडून सांगत होती, "आई, ही तुझी खुर्ची आणतेय, आणि टेबल पलंगाशी लावू का?"

"थांब," आई म्हणाली. "ते राहू दे गाडीत. माझी बॅग तेवढी आण."

लेक खुर्ची धरून तशीच उभी राहिली. तेवढ्यात काका तिला ओलांडून गाडीपर्यंत पोचलेही होते. बॅग पंख्याच्या मागे, उशांच्या खाली होती. ती त्यांनी काढली, बॅगेवरची धूळ झटकली आणि घराकडे आले. पण उंबऱ्याशी त्यांचे पाय थांबले.

"कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

जन्मभर शहरातल्या बायकांना दारात उभं राहून विचारलेला प्रश्न. स्वतःच्या बायकोला त्यांनी तो कधी विचारला नव्हता. तिने वॉकर थोडा फिरवला, रिकाम्या खोलीवरून सावकाश नजर फिरवली आणि विचार करायला लागली. काका बॅग हातात धरून उभे राहिले.